पोच झाली, बरं का!

मागच्या महिन्यात लातूरला क्रीडा मंडळांच्या लोकांसाठी शिबिर होतं. पुण्याहून आलेले एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होते. विषय असा, की चांगले खेळाडू आणि चांगले प्रशिक्षक मंडळात टिकत का नाहीत. बोलून झाल्यावर त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती? कोणी म्हणालं मॅट नाही. कोणी म्हणालं पोरांना खुराक नाही. एक जण म्हणाला राजकारण, तेव्हा टाळ्या पडल्या. माझी पाळी आली. मी म्हणालो, "अंधार."

सगळा हॉल हसला. त्या गृहस्थांना वाटलं मी लाइट मागतोय. त्यांनी फळ्यावर 'फ्लडलाइट' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाकडं वळले. मला असा संताप आला, की बसताना खुर्ची करकरली. पण त्यांचा तरी काय दोष! ज्याचं जळतं त्याला कळतं. समोरच्या रांगेत लातूरच्या एका कॉलेजची खो-खोची कोच बसली होती. ती एकटी हसली नाही. मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि परत पुढं बघायला लागली. हा अंधार किती मोठा असतो ते तिला ठाऊक होतं, कारण आमच्या गावात कित्येक वर्षं तिनंच तो अडवून धरला होता.

मी अर्धापूरचा. शाळेत पीटीचा मास्तर होतो, आता रिटायर आहे. माझा आवाज पटांगणावरून बसस्टँडपर्यंत जातो असं लोक म्हणतात, आणि तो घरात आणायची गरज नाही असं आमची मंडळी म्हणते. नोकरीत असतानाच मी पोरींचा खो-खो क्लब काढला. क्लब म्हणजे काय, काळ्या मातीचं एक पटांगण आणि दोन लाकडी खांब. ही काळी माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते, की पोरीचा पाय मुरगळलाच म्हणून समजा. म्हणून दरवर्षी वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर ओढायचा. हे मी केलं. पण क्लब चालवला तो मी नाही. तो चालवला माझ्याच एका विद्यार्थिनीनं.

तिला सगळ्या पोरी ताई म्हणायच्या, मीही इथं ताईच म्हणतो. शाळेत असताना ती अशी पळायची, की पाठलाग करणारीला वाटावं आत्ता हाताला लागली, आणि ही पलीकडच्या बाजूला उभी! लग्न होऊन ती गावातच राहिली, बौद्धवाड्यात. नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, आठवडा आठवडा दिल्लीकडं. तिनं संसार आणि लहान मुलगी सांभाळून बीपीएड केलं, कोचिंगची परीक्षा दिली आणि एके दिवशी शिट्टी गळ्यात घालून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सर, तुम्ही नुसतं ओरडता. शिकवायचं मी बघते." अगं बाई! मी तिच्याकडं बघतच राहिलो. पण खरं सांगतो, मला लई आनंद झाला.

आता अंधाराचं. आमच्याकडं गावाच्या चारही बाजूंनी केळीच्या बागा. दिवसा त्या वाटेनं गेलं तर गारवा वाटतो, पण सूर्य कलला की त्याच वाटेवर आपलाच हात आपल्याला दिसत नाही. शाळा सुटणार पाचला. पोरी पटांगणावर येणार, जरा घाम निघेपर्यंत दिवस बुडणार. दसरा झाला की मग विचारूच नका. कोणती आई पोरीला खेळायला पाठवील? माझ्या काळात पोरी यायच्या, चार महिने खेळायच्या आणि थंडी पडली की गायब व्हायच्या. मला वाटायचं पोरींना गोडी नाही. मी त्यांच्यावरच ओरडायचो.

ताईनं काय केलं, ती घरोघर गेली आणि म्हणाली, "पोरगी माझ्या जिम्म्यावर द्या. खेळ झाला की मी स्वतः दारात आणून सोडीन." आणि तसं ती करायला लागली. खेळ संपला की सगळ्या पोरींची रांग, पुढं ताई, हातात बॅटरी. पहिल्यांदा ती दारात सोडून पुढं जायची. एकदा एक आई मागच्या अंगणात भांडी घासत होती. पोरगी आली आणि माळवदावर जाऊन झोपली. आईला पत्ताच नाही! तिनं गल्ली डोक्यावर घेतली, सगळं गाव बॅटऱ्या घेऊन केळीत शिरलं. पोरगी वर घोरतेय. त्या दिवसापासून ताईनं रीत घालून दिली. दारात उभं राहून हाक द्यायची, "पोच झाली, बरं का!" आणि आतून "हाव", म्हणजे आमच्याकडचं हो, ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

ही हाक गावाला इतकी सवयीची झाली, की बायका तिच्यावरून कुकर लावायच्या.

या एका रीतीवर आमच्या पोरी राज्यापर्यंत गेल्या. खोटं नाही सांगत. पण दहावी झाली की पोर लातूरला. डॉक्टर व्हायला! आमच्याकडं पोर हुशार निघाली की तिला लातूरच्या क्लासला टाकतात, आणि जी खो-खोत हुशार तीच नेमकी अभ्यासातही हुशार. माझा डॉक्टरांवर राग नाही. मला बीपी आहे, मलाही डॉक्टर लागतो. पण पोर नुकती कुठं खांबाला वळसा घालून सूर मारायला शिकलेली असते, आणि तिथनंच तिची ट्रंक भरली जाते. त्यातल्या काही तिकडच्या कॉलेजकडून खेळतात आणि पेपरात फोटो येतो लातूरचा. आयत्या बिळावर नागोबा! मी पेपर फेकून द्यायचो. ताई तो उचलायची, फोटो कापून ठेवायची. म्हणायची, "सर, आपलीच आहे ना." ती असेपर्यंत मला फारशी फिकीर नव्हती. एक गेली की मागून दुसरी तयार असायची.

खंडेनवमीला जो तो आपलं हत्यार पुजतो. कोणी ट्रॅक्टर, कोणी विळे-खुरपी, कोणी शिलाई मशीन. आम्ही आमचे दोन खांब. त्यांना धुवायचं, हार घालायचा, त्या दिवशी खेळ बंद. ताई हात जोडत नसे, पण झेंडूचे हार मात्र दरवर्षी तीच करून आणायची. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सासू-सुना नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. तर गेल्या खंडेनवमीला हार घालून झाले, पोरी पेढे खाऊन पांगल्या आणि ताई म्हणाली, "सर, लातूरच्या कॉलेजनं बोलावलंय. कायमची जागा आहे. राहायला क्वार्टर देतात. नागपूरहून आल्यावर कळवायचंय."

माझं डोकंच फिरलं. "वा! आधी पोरी नेल्या, आता कोच पण न्या म्हणावं. खांब तेवढे कशाला ठेवता? ते पण उपटून न्या की!"

ती शांतपणे म्हणाली, "सर, हार अजून ओला आहे. आज तरी खांबाला असं बोलू नका."

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला कारण कळलं तेव्हा ती म्हणाली, "ती काय तुमची जहागीर हाय का? पोरीचं भलं होतंय तर पेढे वाटायचे सोडून तोंड फुगवून बसलाव." मी म्हणालो, "पेढे वाटले आज, खांबापाशी." तिनं ताट झाकून ठेवलं आणि ओटा आवरायला लागली.

पण मला एक आशा होती. ताईची सासू. अहो, त्या म्हातारीला आमचा क्लब फुटक्या डोळ्यानं बघवत नसे. जलमभर लोकांच्या केळीत खुरपण केलेली, कमी ऐकू येणारी, बोलायला फटकळ बाई. दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी उभी राहून म्हणायची, "घरात दिवा लावायच्या टायमाला हिला गावाच्या पोरी हाकायच्या असत्यात!" ही कसली सुनेला नातीसकट लातूरला धाडतेय, असं मला वाटलं. नागपूरहून त्या आल्या त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

म्हातारीनं मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली. मी विषय काढायच्या आतच म्हणाली, "मास्तर, माझा जलम लोकायच्या केळीत वाकून गेला. हिला खुर्चीत बसून पगाराची नोकरी मिळून राहिली. अन् तुमी आडवे पडून राहिले?"

मी म्हणालो, "मी कुठं आडवा पडलो?"

"काय म्हणलाव?"

"मी म्हटलं, कुठं आडवा पडलो!" हे सगळ्या वाड्याला ऐकू गेलं. ताई चहा घेऊन आली, ती खाली बघून हसत होती.

"मग पोरींचं काय?" मी ओरडूनच विचारलं.

"पोरीयचं तुमी बघा. क्लब तुमचा हाय," म्हातारी म्हणाली. "अन् मी काय एकटीनं मरत न्हाई. माझं घर हितं हाय, मी हितंच राहीन."

मी निघालो तशी ताई गल्लीच्या तोंडापर्यंत आली. "सर," ती म्हणाली, "तुम्ही थांब म्हणालात तर मी थांबते." मला माहीत होतं, ती थांबली असती. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, ही गोष्ट मी नाकारत नाही. तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि मला शाळेतली ती पोर आठवली, हाताला लागली लागली म्हणता निसटणारी. म्हटलं, "जा. आणि तिथं गेल्यावर आमच्या पोरी पळवू नकोस." ती रडली. मीही रडलो असतो, पण रस्त्यावर माझे विद्यार्थी उभे होते.

ताई गेली. रोज दिवेलागणीनंतर फोन करीन म्हणाली होती, तसा तो यायला लागला. "सर, पोचल्या का सगळ्या?" एवढंच विचारायची.

कशाच्या पोचतात! पहिल्याच आठवड्यात निम्म्या पोरी बंद झाल्या. मी आयांना भेटलो. म्हटलं, मोठ्या पोरी धाकट्यांना सोडतील. एक आई म्हणाली, "अन् सगळ्यात शेवटी जी उरंल तिला कोण सोडंल सर?" सकाळी ठेवू म्हटलं, तर सकाळी पाणी भरायचं, ट्यूशनला जायचं. रिक्षा लावू म्हटलं, तर ड्रायव्हर कोण? शेवटी म्हटलं, मी स्वतः सोडतो, म्हातारा माणूस आहे. "तुमी देवमाणूस हाव सर," त्या म्हणाल्या, "पण..." त्या 'पण'च्या पुढं कोणी बोललं नाही, आणि मलाही राग आला नाही. मला मुलगी असती तर मीही तेच म्हणालो असतो.

आमची सगळ्यात चांगली पोर, खांबावर सूर मारणारी, तीही बंद झाली. तिच्या वडिलांची मोठी बाग, घर पार बागेच्या टोकाला. शेवटी पटांगणावर चार पोरी राहिल्या. खो-खोला आठ जणी बसायला लागतात आणि एक धरायला. चौघींत काय खेळणार, डोंबल! आणि रोज फोन वाजला की मी म्हणायचो, "हाव. पोचल्या सगळ्या." खरं सांगितलं असतं तर ती बॅग उचलून परत आली असती. ते मला नको होतं, आणि ते तसं नको असण्याचाही मला राग येत होता.

एका संध्याकाळी मी ठरवलं की बस झालं. दोन्ही खांब काढून शाळेच्या खोलीत ठेवायचे. चौघी पोरींनाच हाताशी घेतलं. पहार लावून एका खांबाभोवतीची माती मोकळी करत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"मास्तर, खोटं बोलून राहिलाव का वो?"

बघतो तर ताईची सासू. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताईचीच बॅटरी.

"सूनबाई रोज फोनवर म्हणती, सर म्हणतात पोचल्या. म्या म्हणलं, कुठून पोचत्यात? दिवेलागणीला माझ्या दारावरून येक बी पोर जाईना. गल्ली पार मेल्यावानी झाली."

मी पहार खाली ठेवली. "तिला सांगितलं का तुम्ही?"

"काय?"

"तिला! सांगितलं! का!"

"मी काय येडी हाय? सांगितलं तर माघारी येईल ती." म्हातारी खांबाजवळ आली, त्याला काठीनं टोचून बघितलं. तो हलला. "बुजवा हे," ती म्हणाली. "अन् पोरीयला पळवा काय पळवायचं ते. मी बसते हितं. मग सोडीन घरी."

"तुम्ही?"

या खेपेला तिला बरोबर ऐकू आलं. "मंग कोण? घरात बसून भिताडाकडंच बघत असते की."

चौघी पोरींनी हातानं माती ढकलून खांब बुजवला. पायानं धोपटला. मी तोंड दुसरीकडं करून शिट्टी पुसत राहिलो.

त्या दिवशी चौघी घरी पोचल्या. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी दुपारी घरोघर फिरायला लागली. काय बोलायची मला माहीत नाही, पण पोरी यायला लागल्या. रीत मात्र तिनं बदलली. ती दारात हाक द्यायची, "पोच झाली, बरं का!" आणि आतून कोणी "हाव" म्हणालं तर तिला ते ऐकूच यायचं नाही. ती तिथंच उभी. पुन्हा हाक. शेवटी आईला हातातलं काम टाकून बाहेर यावं लागायचं. "असं तोंड दाखवा," म्हातारी म्हणायची. "आत बसून बोललेलं मला काय कळतं?" बायका कुरकुरल्या, मग हसायला लागल्या, मग हाकेच्या आधीच दारात येऊन उभ्या राहायला लागल्या.

ज्या दिवशी सूर मारणारी पोर परत आली, त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही पूर्ण डाव खेळलो. पोरीनं असा सूर मारला, की बसलेल्या पोरी जागा सोडून उठल्या. फाऊल होता, तरी मी शिट्टी वाजवली नाही. खेळ संपल्यावर मी म्हातारीला म्हणालो, आज बागेपर्यंत जायचंय, मी मागं मागं येतो. पुढं ती आणि पोरी, आणि मागं बऱ्याच अंतरावर मी, असे आम्ही निघालो. एकेक दार, एकेक हाक. शेवटी बागेतलं घर.

त्याच बागेत म्हातारीनं अर्धं आयुष्य खुरपलं होतं. तेव्हा त्या घरी तिला मागच्या बाजूनं यावं लागायचं, आणि पाणी वरून ओंजळीत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. आज ती पुढच्या दाराच्या पायऱ्यांशी उभी राहिली. क्षणभर तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता पोरीला आत जा म्हणेल आणि वळेल. तिनं मान वर केली आणि हाक दिली, "पोच झाली, बरं का!"

आतून "हाव" आलं. मला ऐकू आलं, तिला नाही. ती हलली नाही. तिनं पुन्हा हाक दिली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. बागायतदाराची बायको पदर सारखा करत दारात आली, बघितलं, आणि पायऱ्या उतरून खाली आली. "मावशी," ती म्हणाली, "या ना आत. चहा टाकते."

"टाइम न्हाई," म्हातारी म्हणाली. "मास्तरला घरी सोडायचंय."

परत येताना मी तिच्या बरोबरीनं चालत होतो. तिच्या दाराशी आल्यावर तिनं कुलूप काढलं आणि आत गेली. घरात कोणी नव्हतं. पोरगा दिल्लीकडं, सून आणि नात लातूरला. सगळ्या गावाच्या पोरी दारात पोचवून ही बाई रोज अशा बंद घरात पोचत होती, आणि तिची कोणी वाट बघत नव्हतं, हे माझ्या टकुऱ्यात तेव्हा शिरलं. मला फार वाईट वाटलं. मी रस्त्यावरच उभा राहिलो आणि पीटीच्या आवाजात ओरडलो, "पोच झाली, बरं का!"

काही नाही. तिला ऐकू आलं नव्हतं. मी तसाच थांबलो. आत दिवा लागला आणि ती दारात आली. "काय वो मास्तर? जावा की घरी."

"तोंड बघायचं होतं!"

तिनं हातातली काठी उगारली, पण हसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. रोजच्या वेळेचा. "सर, पोचल्या का सगळ्या?" मी स्पीकर लावला आणि फोन म्हातारीच्या तोंडापुढं धरला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हाव! पोचल्या सगळ्या. मी बी पोचले!"

लातूरहून ताईचा आवाज आला, एकच शब्द.

म्हातारीनं मला विचारलं, "काय म्हणली?"

"हाव म्हणाली!" मी ओरडून सांगितलं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि भात टाकायला आत गेली.